चार एकतीसची नोंद

गल्लीतले लोक म्हणत, ही बाई माणसाशी बोलताना त्याच्या डोक्याच्या हातभर वर बघते. हिला कधी कुणी लग्नाचे विचारायला आला असेलही, पण त्याच्या पाठीमागे ढग असा काही चढला असेल की तो काय म्हणाला ते हिच्या कानापर्यंत पोचलेच नसेल, असेही म्हणत. समोरच्या घरातल्या काकू धुणे वाळत घालण्याआधी गच्चीवरून हाक मारीत, "अहो ढगबाई, घालू का?" आणि ती चपला अडकवता अडकवता सांगे, "घाला, पण तीनला काढा." काकू बरोबर तीनला कपडे काढीत, आणि संध्याकाळी दारात उभ्या राहून शेजारणीला सांगत, "हिचं काही खरं नाही हो. एक दिवस ढगामागे चालत जाईल, नि आपण इकडे शोधत बसू."

ढगबाई कुठेही गेली नाही. सव्वीस वर्षे ती एकाच खुर्चीवर बसली. शहराच्या पश्चिम टोकाला, जिथे घरे संपून उघडे माळरान सुरू होई, तिथे ट्रकांचा वजनकाटा होता आणि काट्याशेजारी आठ पायऱ्यांवर तिची केबिन. तीन बाजूंना काच, चौथ्या बाजूला दार आणि फायलींचे कपाट. रिकामा ट्रक आला की त्याचे वजन करायचे, भरून आला की पुन्हा करायचे, आणि पावती फाडून खिडकीतून द्यायची, एवढे तिचे काम. ड्रायव्हर घाईत असत. एखादा खालून ओरडे, "बाई, काटा हलायचा थांबेपर्यंत आमची म्हातारपणं येतील. टाका अंदाजे." ती पेन खाली ठेवून म्हणे, "अंदाज घरी करायचा. इथे काटा थांबला की आकडा पडतो." तिच्या पावतीवर कधी वाद झाला नाही. त्याचा तिला अभिमान होता, आणि तो ती फारसा लपवीतही नसे.

आभाळाचा नाद तिला रागातून लागला. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका दुपारी पश्चिमेकडचा ढग हिरवट झाला. तिने तो पंधरा मिनिटे पाहिला, चांगला दिसतो म्हणून पाहत राहिली, आणि मग लिंबाएवढ्या गारांनी केबिनची पश्चिमेची काच फोडून तिच्या टेबलावर टाकली. काचेचे तिला काही वाटले नाही. डोळ्यांसमोर असलेली गोष्ट कळली नाही, याची चीड आली. दुसऱ्या दिवसापासून ती वाचनालयातून ढगांवरची पुस्तके आणू लागली, आणि दोन ट्रकांच्या मधल्या वेळात वहीत नोंदी करू लागली.

तिच्यासारखी आणखी सातआठ माणसे त्या भागात होती. त्यांना एकत्र केले ते निवृत्त पोस्टमास्तरांनी. त्यांना सगळे नुसते मास्तर म्हणत. उन्हाळ्यात, दुपारपासून दिवस मावळेपर्यंत, प्रत्येकाने आपापल्या दिशेचे आभाळ सांभाळायचे, आणि काही वावगे दिसले की हवामान कार्यालयातल्या ड्यूटीवरच्या अधिकाऱ्याला फोन करायचा, असे त्यांचे ठरले होते. कार्यालयाकडे रडार होते, पण ते फार दूरच्या शहरात होते आणि इतक्या लांबून त्याला ढगाचा वरचा भाग दिसे, जमिनीलगतचा दिसत नसे. तेवढ्यासाठी माणसाचे डोळे लागत. मंडळाची स्वतःची भाषा होती. गार सांगायची ती वाटाणा, गोटी, लिंबू किंवा अंडे या मापांत. मूठभर म्हणायला बंदी होती, कारण मुठी सारख्या नसतात. ढगातून जमिनीपर्यंत उतरणाऱ्या गरगरत्या वादळाला पुस्तकांत टोर्नेडो म्हणत, मंडळात सगळे सोंड म्हणत. मास्तरांनी आयुष्यात दोन सोंडा पाहिल्या होत्या, दोन्ही उजाड माळावर, आणि त्यांची ते अशी आठवण काढीत की ऐकणाऱ्याला वाटावे, जुन्या ओळखीच्या कुणाविषयी बोलत आहेत.

ढगबाईने पाहिली ती पहिली सोंड खोटी निघाली. त्या प्रसंगाला आता तीन उन्हाळे झाले होते. दुपारी सव्वातीनला ढगाच्या बुडाशी एक काळे, निमुळते टोक लोंबताना तिला दिसले. ते हलत होते. तिने फोन उचलून सांगितले, "सोंड उतरतेय." चार मिनिटांत शहराचा भोंगा वाजला. शाळेतली मुले तळघरात नेली, कापडाची गिरणी थांबवली, दवाखान्यातल्या खाटा खिडक्यांपासून ओढून आतल्या व्हरांड्यात घेतल्या. आणि ते टोक पाच मिनिटांत विरून गेले. ढगाचा फाटका तुकडा होता तो, वाऱ्याने लोंबलेला. त्या धावपळीत गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेले म्हातारे शिंपी जिन्यावरून पडले. खुब्याचे हाड मोडले, आणि पाय पुन्हा मशीनच्या पायट्यावर बसला नाही.

पुढचे वर्षभर पावाच्या दुकानात रांगेतून कुणीतरी विचारायचेच, "काय ढगबाई, पाव आत्ताच घेऊ, की सोंड येऊन गेल्यावर?" ते तिने ऐकून घेतले. शिंप्यांनी मात्र तिला कधी एका शब्दाने दुखवले नाही. काठी टेकत येताना ती समोर दिसली की ते भिंतीकडे सरकून तिला वाट देत. ते तिला सोसत नसे. ती लांबच्या रस्त्याने कामावर जाऊ लागली.

ड्यूटीवरचा अधिकारी तेव्हा एवढेच म्हणाला होता, "मॅडम, तुम्हाला काय वाटलं ते मला नको. काय दिसलं तेवढं सांगा." हे वाक्य तिच्या मनात घर करून बसले, कारण ते तिच्याच धंद्यातले होते. त्याच संध्याकाळी तिने वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली. डाव्या रकान्यावर लिहिले 'दिसलं', उजव्यावर 'वाटलं'. डावीकडचे फोनवर सांगायचे. उजवीकडचे फक्त मन मोकळे करण्यापुरते लिहायचे आणि कार्यालयाला कळू द्यायचे नाही. आणि सोंड हा शब्द, जमिनीवरून धूळ उठताना डोळ्यांनी पाहिल्याशिवाय, डाव्या रकान्यात जाऊ द्यायचा नाही. मास्तरांना हे फार आवडले. सगळ्या मंडळाने वह्यांवर तशा रेघा मारल्या. त्यानंतर तीन वर्षांत तिचा एकही निरोप चुकला नाही. अधिकारी तिचा आवाज ओळखू लागला. "वजनकाट्यावरून ना? मग खरंच असणार," असे तो म्हणे, आणि त्या दिवशी तिच्या हातची पावतीसुद्धा जरा ठसठशीत अक्षरात निघे.

तिला एकच भाऊ होता, बारा वर्षांनी धाकटा. आई गेली तेव्हा तो शाळेतही जात नव्हता. त्याला लहानाचा मोठा तिनेच केला. आता तो काट्यापासून दोन किलोमीटरवर, पूर्वेला, लाकडाच्या वखारीत मुकादम होता. घर एकच. खाली तो आणि त्याची बायको, वरच्या खोलीत ढगबाई. तो तिची टिंगल करी, पण तो अधिकार दुसऱ्या कुणाला देत नसे. "आमच्या ताईला आभाळातलं सगळं कळतं," तो म्हणायचा, "फक्त चुलीवर दूध उतू गेलेलं कळत नाही." पावाच्या दुकानातल्या एकाची त्याने कॉलर धरल्याचेही तिच्या कानावर आले होते. खोट्या सोंडेनंतरही त्याचा तिच्यावरचा भरवसा तसूभर हलला नव्हता. उन्हाळ्यात वखारीत ट्रक लागला की माणसांना शेडमधून उघड्यावर काढण्याआधी तो तिला फोन करी. त्यात एका दिवसाचा खंड नव्हता.

त्या दिवशी सकाळपासून हवा अंगाला चिकटत होती. तीनच्या सुमाराला पश्चिमेला ढग उभा राहिला आणि तासाभरात त्याचा माथा चपटा होऊन पसरला. चारनंतर वारा फिरला. तो आता ढगाकडून येत नव्हता, तिच्या पाठीमागून ढगाकडे जात होता. रस्त्यावरची धूळ, कागद, वाळके गवत, सगळे पश्चिमेकडे घरंगळत निघाले होते. काट्यावर ट्रक नव्हता, तरी पडद्यावर मधूनच वीस किलो उमटत आणि पुसले जात. तिने खिडकी उघडली. ढगाचे बूड एका जागी खाली बसले होते, छताचा गिलावा फुगून खाली यावा तसे, आणि तो खाली आलेला भाग सावकाश फिरत होता. तिने खिडकीच्या चौकटीशी बोट धरून ते ताडून पाहिले. फिरतच होता. मग दगडखाणीच्या बाजूने पावसाचा करडा पडदा आडवा सरकला आणि त्यामागचे सगळे झाकले गेले.

तिने घड्याळ पाहून नोंद केली. चार एकतीस. डावीकडे : जोराचा पाऊस, दगडखाणीपलीकडे. उजवीकडे, डोळ्यांनी पाहिलेलेही तिकडेच : बूड खाली आले. फिरते आहे. वारा आत ओढला जातो आहे. पावसामागे सोंड आहे.

डावीकडचे तिने फोनवर सांगितले.

"सोंड?" अधिकाऱ्याने विचारले.

"दिसत नाही."

"ठीक. दिसली की लगेच कळवा."

चार अडतीसला भावाचा फोन आला. मागे करवतीचा आवाज होता.

"ताई, काय म्हणतंय तुझं आभाळ? दोन ट्रक उभे आहेत. माणसं बाहेर काढू?"

वही तिच्या मांडीवर उघडी होती.

"अजून काही दिसलेलं नाही," ती म्हणाली.

"म्हणजे भरू ना?"

"पाऊस येईल. जोराचा येईल."

"पाऊस येऊ दे गं, ताडपत्र्या आहेत. दुसरं काही नाही ना?"

तिने पश्चिमेकडे पाहिले. करडा पडदा होता, आणि त्यामागे काय आहे ते तिने स्वतःच्या हाताने सात मिनिटांपूर्वी लिहिले होते.

"दिसलं की सांगते," ती म्हणाली.

"झालं तर. आणि येताना पिठाची पिशवी उचल, तुझी भावजय सकाळपासून माझं डोकं खातेय."

चार सेहेचाळीसला पडदा उत्तरेच्या अंगाने फाटला. पुस्तकातल्या चित्रांसारखी सोंड तिथे नव्हती. काळी, रुंद भिंत होती, तिचे खालचे टोक जमिनीवर घासत होते आणि तिच्याभोवती पत्रे कागदासारखे उडत होते. ती काट्याच्या उत्तरेने, पाऊण किलोमीटरवरून, पूर्वेकडे निघाली होती. ढगबाईने फोन लावला. "सोंड. जमिनीवर आहे. वखारीकडे चाललीय." मग तिने भावाला फोन लावला. घंटा वाजत राहिली. तिने पुन्हा लावला. मधेच भोंगा सुरू झाला, चार अठ्ठेचाळीसला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा घंटाही वाजली नाही.

वखारीत जाड भिंतींचा एक खड्डा होता, करवतीच्या यंत्राखाली, भुसा साठवायचा. जी दोन माणसे आत काम करत होती ती त्या खड्ड्यात उतरली आणि वाचली. बाहेर ट्रकवर चढलेल्या पाचांपैकी तिघे गेले. मुकादम दुसऱ्या ट्रकखाली सापडला. ढगबाईने केबिनला कुलूप घातले, कारण कुलूप न घालता ती कधी उतरली नव्हती, आणि ती दोन किलोमीटर चालत गेली. ओळख पटवायला तिलाच पुढे केले. तिने पाहिले, होय म्हटले आणि कागदावर सही केली. सहीखाली वेळेसाठी जागा होती, तिथे तिने घड्याळ पाहून वेळही लिहिली.

पुढचे आठ दिवस घरात माणसांची रीघ लागली. आता कुणी तिला हसत नव्हते. भोंगा वाजला म्हणून कापडाच्या गिरणीतली माणसे वेळेवर खाली उतरली होती, आणि गिरणीचे छप्पर गेले तरी माणूस एकही गेला नव्हता. समोरच्या काकू तिचा हात धरून म्हणाल्या, "तुमच्यामुळे आम्ही जिन्याखाली तरी शिरलो हो." शिंपीही आले. काठीवर भार देऊन उंबऱ्यातच उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, या वेळी तुम्हाला बरोबर दिसलं." तिने त्यांना बसायला खुर्ची दिली आणि स्वतः आत निघून गेली.

सगळ्यांत कठीण होती ती भावजय. येणाऱ्या प्रत्येकाला ती तेच सांगे. "ताईंना विचारल्याशिवाय ते माणसं बाहेर काढत नसत. त्या दिवशीही विचारलं. पण पावसाच्या आड होतं, दिसतच नव्हतं, तर त्या बिचाऱ्या काय सांगणार?" असे म्हणत ती सतरंजीवर सरकून ढगबाईला आपल्या शेजारी जागा करून देई आणि स्वतःच्या पुढचा चहाचा कप तिच्या हातात ठेवी. ढगबाई तो चहा पिऊन टाकी. चहा नाकारायचा तर कारण द्यावे लागले असते.

नवव्या दिवशी मास्तर केबिनवर आले. आठ पायऱ्या चढून त्यांना धाप लागली होती.

"उद्या कार्यालयाची माणसं येणार आहेत," ते म्हणाले. "वही बघायला मागतील. मी आधी बघितली तर चालेल?"

तिने वही दिली. मास्तरांनी ते पान वाचले, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला, पण वहीकडे पुन्हा पाहिले नाही.

"दुसऱ्या रकान्याचं कुणी विचारलेलं नाही," ते म्हणाले. "फाड, असं मी म्हणत नाही. पण आपण होऊन पुढे करू नकोस. नियम आपण सगळ्यांनी मिळून केलेला होता."

"नियम कार्यालयाला फोन करायचा होता, मास्तर. भावाशी काय बोलायचं त्याचा नव्हता."

"तो तुला काय म्हणाला ते मला ठाऊक नाही," मास्तर उठत म्हणाले, "आणि सांगूही नकोस. माझं वय झालंय. मला एवढंच राहिलंय, हे आभाळ नि तुम्ही लोक."

दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरचा अधिकारी स्वतः आला. आवाजावरून वाटला होता त्याहून तो बराच लहान होता. त्याने वहीचे फोटो काढले आणि वेळा आपल्या कागदाशी जुळवून पाहिल्या. सगळ्या जुळल्या.

"तुमची नोंद नवीन लोकांना नमुना म्हणून दाखवण्यासारखी आहे, मॅडम," तो म्हणाला. "या बाजूला काय आहे?"

उजव्या रकान्यावर तिचा तळवा होता.

"ते माझं आहे. खासगी."

"मग राहू द्या," तो सौजन्याने म्हणाला.

तो गेल्यावर एक ट्रक काट्यावर आला. ती पडद्याकडे पाहत राहिली. आकडा केव्हाच थांबला होता. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला तेव्हा तिच्या ध्यानात आले. तिने पावती दिली, मालकांना फोन करून दुपारची सुट्टी मागितली आणि वही घेऊन घरी आली.

भावजय मागच्या खोलीत वर्तमानपत्र पसरून बसली होती आणि नवऱ्याचे कामाचे बूट साफ करत होती. वखारीतल्या वाचलेल्यांपैकी एकाला त्याच मापाचे बूट लागत, त्याला ती ते देणार होती. शिवणीत अडकलेला भुसा ती केसांच्या आकड्याने उकरून काढत होती.

"बसा ताई. लवकर आलात? किती भुसा शिरलाय बघा यात, संपतच नाही."

ढगबाई बसली. तिने वही उघडून तिच्यापुढे ठेवली.

"हे त्या साहेबांना दाखवलंत ना?"

"डावीकडचं दाखवलं. तू उजवीकडचं वाच."

भावजयीने हात पदराला पुसले. ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवीत तिने सावकाश वाचले, आणि मग बोट मागे नेऊन वेळेवर ठेवले. नवऱ्याच्या फोनमधली शेवटच्या बोलण्याची वेळ तिने इतक्यांदा पाहिली होती की तिला फोन उघडायची गरज पडली नाही.

"त्यांचा फोन चार अडतीसचा होता," ती म्हणाली.

"हो."

"हे सात मिनिटं आधीचं आहे."

"हो."

"तुमचंच अक्षर?"

"माझंच."

"पण तुम्ही तर म्हणालात, दिसत नव्हतं."

"दिसत नव्हतंच."

"पण माहीत होतं."

वाटणे वेगळे आणि माहीत असणे वेगळे, हे ढगबाईने तीन वर्षे सगळ्या मंडळाला समजावून सांगितले होते. आता ते तिच्या तोंडून निघाले नाही.

"होतं," ती म्हणाली.

भावजयीने हातातला बूट वर्तमानपत्रावर ठेवला. तिचा आवाज चढलेला नव्हता.

"आल्यागेल्याला मी काय सांगत होते, ते तुम्ही शेजारी बसून ऐकत होतात."

"ऐकत होते."

"त्यांच्याजवळ जो उभा होता ना ताई, तो वाचलाय. त्याने मला सगळं सांगितलं. ते तुम्हाला म्हणाले, दुसरं काही नाही ना. म्हणाले की नाही?"

"म्हणाला."

"तुम्ही नुसतं थांब म्हणाला असता तरी ते थांबले असते. का म्हणून विचारलं नसतं त्यांनी. तुम्हाला कधी विचारलं नाही." तिने वही ढगबाईकडे ढकलली. "इथे एवढं लिहायला हात चालला तुमचा. मग त्यांना एक शब्द सांगायला काय झालं होतं?"

ढगबाई म्हणाली, "मला पुन्हा खोटं पडायचं नव्हतं."